राजीनामा आधी, की नवी नोकरी आधी?

एका वाचक ताईंचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात असं: वय ३६. एका उत्पादन कंपनीच्या खरेदी विभागात ७ वर्षं नोकरी. पहिली ५ वर्षं बरी गेली. मग साहेब बदलले, विभागातले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि दीड वर्षापासून त्यांचं काम यांच्या टेबलावर आहे. नवे साहेब चारचौघांत लागेल असं बोलतात, रात्री ११ वाजता मेसेज टाकतात आणि सकाळी ८ वाजता उत्तर मागतात. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. नवरा नोकरी करतो, घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून जातो, मुलगी ८ वर्षांची आहे. शिल्लक ‘साधारण सहा महिने पुरेल एवढी’. नवरा म्हणतो, दुसरी हातात आल्याशिवाय ही सोडू नकोस. मैत्रीण म्हणते, आधी सुटका करून घे, मग निवांत शोध. ‘दोघांचंही पटतं, म्हणून काहीच होत नाही. सोडली तर मी हरले असं होईल का? आणि बाकीच्यांना जमतं ते मलाच का जमत नाही?’

प्रिय ताई,

राजीनाम्याकडे जरा वेळाने येऊ. नवऱ्याचं म्हणणं आणि मैत्रिणीचं म्हणणं यांच्या मधे तुम्ही एक वाक्य घाईघाईने लिहून पुढे गेला आहात: ‘कधीकधी सकाळी गाडी चालवताना वाटतं, एखादा छोटासा अपघात व्हावा, म्हणजे आठ दिवस तरी जावं लागणार नाही.’ तुमच्या सबंध पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. असं पुष्कळांच्या मनात येतं, पण सांगायची लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही. सुट्टी मागण्यापेक्षा हात मोडलेला परवडला, असं ज्याला वाटायला लागतं त्याला आळशी किंवा कमकुवत म्हणता येणार नाही. विश्रांतीचा सरळ रस्ताच त्याला दिसेनासा झालेला असतो.

तेव्हा पहिलं काम हे, की याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. झोप, पोट, धडधड, चिडचिड, सगळं सांगा, आणि हे वाक्यही जसंच्या तसं सांगा. गरज वाटली तर ते तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे पाठवतील. आणि हा विचार ‘छोटासा अपघात’ इथून ‘मी नसलेलीच बरी’ इकडे सरकायला लागला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला घरात सांगा आणि मदत घ्या. तिथे पगार, नोटीस, अनुभवपत्र यांचा हिशेब करत बसायचं नाही.

दुसरं काम रजेचं. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात सलग तीन दिवसही सुट्टी घेतली नाही, कारण ‘परत आल्यावर दुप्पट काम वाट बघत असतं’. असेलही. तरी आठ-दहा दिवस घ्या. आजारपणाची रजा मिळत असेल तर ती, नाहीतर साठलेली. ऑफिसचा मेल फोनवरून काढून टाका. पहिले दोन-तीन दिवस नुसती झोप काढण्यात जातील, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मग पाचव्या-सहाव्या दिवशी स्वतःकडे बघा. काहीतरी करावंसं वाटायला लागलं, पुरवठादारांशी बोलणं किंवा दर घासून घेणं यातली जुनी मजा आठवली, तर मामला मुख्यतः थकव्याचा आणि एका माणसाचा आहे. पण भरपूर झोप होऊनही त्या कामाच्या नुसत्या आठवणीने जीव नको होत असेल, तर गोष्ट वेगळी आहे आणि साहेब बदलून ती सुटणार नाही. आज, या थकव्यात, हा फरक तुम्हालाही कळणार नाही आणि मला तर नाहीच नाही. म्हणूनच रजेच्या आधी राजीनामा लिहू नका, आणि ‘कधीच सोडणार नाही’ अशी शपथही घेऊ नका.

आता ‘बाकीच्यांना जमतं ते मलाच का जमत नाही’ याबद्दल. हे बाकीचे कोण, ताई? तुमच्या विभागात तिघं होते. त्यातले दोघं निघून गेले. तिघांचं काम एकटीने ओढायचं, आणि कुठलं आधी, कुठलं नंतर हे ठरवायचा अधिकारही आपल्याला नाही, अशा ठिकाणी ‘जमणारे’ बाकी कुणी उरलेलेच नाहीत. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट आजही कामाच्या ताणाबद्दलच्या चर्चेत पायाभूत मानली जाते: नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही, काम भरपूर आणि त्यावर आपला ताबा मात्र नाही, ही जोडी माणसाला मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हाही त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाशी जोडला. त्याची तीन लक्षणं त्यांनी सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून आता धड काही होत नाही असं वाटणं. या व्याख्येत त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे. हे मी निदान म्हणून सांगत नाही, निदान डॉक्टर करतील. पण ‘मलाच का जमत नाही’ हा तुमचा प्रश्न स्वतः त्या तिसऱ्या लक्षणाच्या फार जवळचा आहे. थकव्यातून आलेल्या प्रश्नाला आपल्या लायकीबद्दलचा निकाल समजू नका.

आणि हरण्याचं म्हणाल, तर नोकरी हा करार असतो. करार पुढे चालवायचा की नाही हे दोन्ही बाजूंना ठरवता येतं. कंपनीने तुमच्या बाजूचं माणूसबळ काढून घेतलं, तेव्हा तिने कराराच्या अटी बदलल्या. तुम्ही आता त्या अटी तपासताय. यात हार-जीत आणली की निर्णय बिघडतो, कारण मग माणूस केवळ हरलो असं दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं बसून राहतो, नाहीतर जिंकल्याचा एक क्षण मिळावा म्हणून भर मीटिंगमध्ये राजीनामा फेकतो. दोन्ही प्रकारची पत्रं या सदराकडे येतात. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांत आनंद साधारण पंधरा दिवस टिकलेला दिसतो.

मैत्रिणीचं म्हणणं घेऊ. तिच्या सल्ल्यातला ‘निवांत’ हा भाग मला पटत नाही. पगार थांबलेला असताना नोकरी शोधणं निवांत नसतं. पहिला महिना छान जातो. नंतर प्रत्येक न आलेला फोन मनाला लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माणूस समोर येईल ते धरतो. असंच आगीतून फुफाट्यात जाणं होतं. शिवाय बाजारही नोकरीत असलेल्याला झुकतं माप देतो. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की नोकरीत असलेल्यांना कमी शोधाशोध करूनही जास्त आणि बऱ्या पगाराच्या ऑफर येतात. तिथल्याच, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सुमारे ३,००० जाहिरातींना सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवले गेले. बेकारीचे महिने वाढत गेले तसे मुलाखतीचे फोन कमी होत गेले, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. आकडे एका देशाचे आहेत, पण त्यामागची मानसिकता ओळखीची आहे. खंड जितका लांबतो तितकी समोरच्याच्या मनात शंका वाढते. दोन-तीन महिन्यांच्या खंडाने आभाळ कोसळत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं या हिशेबाने बरोबर ठरतं. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: थांबायला काही खर्च येत नाही. तो खर्च येतो, पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही इतकंच. तुमची झोप, पचन, रविवार आणि मुलीच्या वाट्याला येणारी आई, हे सगळं त्यात जातं. आणि आणखी एक गोष्ट जाते, जी नवी नोकरी शोधायला सगळ्यात जास्त लागते: संध्याकाळी उरणारी उमेद. तुम्ही लिहिता, ‘वर्षभर शोधतेय पण काही होत नाही.’ पुढच्याच ओळीत लिहिता, की बायोडेटा अजून ७ वर्षांपूर्वीचाच आहे आणि रात्री जाहिराती बघता बघता झोप लागते. ताई, हा शोध झाला नाही. शोधण्याची इच्छा तेवढी वर्षभर बाळगली. यात दोष देत नाही. रात्री साडेअकरापर्यंत साहेबांच्या मेसेजला उत्तरं देणाऱ्या बाईकडून याहून वेगळं काय होणार? पण यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. बाजारात तुम्हाला मागणी आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, कारण बाजाराला अजून विचारलेलंच नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून परत देते. सोडू की नको, यात धाडस किती आहे हे बघू नका. ही नोकरी चालू असताना दुसरी शोधण्याइतकं बळ रोज तुमच्यापाशी उरतं का, आणि उरत नसेल तर ते उरवता येईल का, हे बघा. उरवता आलं, तर नोकरीत राहून शोधा. कितीही करून उरतच नसेल, तर आधी सोडणं हाच व्यवहारी मार्ग आहे, मग भले तो बाहेरून उतावळा दिसो.

बळ उरवायचं कसं? रजेवरून परतल्यावर साहेबांशी एकदा बोला, आणि ‘मला झेपत नाही’ असं बोलू नका, कारण त्यावर त्यांचं उत्तर तयार असतं. कामांची यादी कागदावर न्या. प्रत्येकासमोर लागणारे तास लिहा. बेरीज आठवड्याच्या तासांपेक्षा जास्त येईल, ती दाखवा आणि विचारा, ‘यातली कुठली आधी करू आणि कुठली मागे ठेवू?’ निर्णय त्यांच्या टेबलावर जाऊ द्या. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेलवर दोन ओळींत नोंद पाठवा. रात्रीच्या मेसेजचं म्हणाल, तर दोन आठवडे ९ नंतर उत्तर देऊ नका, सकाळी ऑफिसला पोचल्यावर द्या. बहुतेक ठिकाणी थोडी कुरकुर होते आणि मग समोरच्याला सवय होते. तुमच्या इथे होईलच अशी हमी नाही. पण जी बाई राजीनाम्याचा विचार करतेय, तिने उशिरा उत्तर देण्याला एवढं का भ्यावं? आणि कंपनी मोठी असेल तर दुसऱ्या विभागात बदली, बिनपगारी रजा, काही महिने कमी तास, हेही विचारून बघा. नाही म्हणाले तर तुम्ही आहात तिथेच आहात.

वाचलेल्या वेळातला सकाळचा पाऊण तास शोधासाठी ठेवा. रात्रीचा नको, रात्री तुमच्यात काही उरत नाही हे तुम्हीच लिहिलंय. सुरुवात बायोडेटापासून. तुम्ही पत्रात तुमच्या कामाचं वर्णन ‘खरेदी विभागाची सर्व कामे पाहते’ असं केलंय. बायोडेटातही असंच असेल, तर वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. किती पुरवठादार सांभाळता, एखादा पुरवठादार ऐनवेळी मागे हटला तेव्हा लाइन बंद पडू नये म्हणून काय केलंत, कुठल्या मालाचा दर किती टक्क्यांनी खाली आणलात, हे लिहा. तिघांचं काम एकटी करतेय, हेही लिहिण्यासारखं आहे. फक्त तक्रार म्हणून लिहू नका, ‘तीन जणांच्या कामाची जबाबदारी दीड वर्ष एकटीने सांभाळली’ असं लिहा. ही तुमची पिळवणूकही आहे आणि तुमचं कर्तृत्वही, आणि नव्या ठिकाणी तुम्हाला कर्तृत्व दाखवायचंय.

मग माणसं. सोडून गेलेल्या त्या दोघांना फोन केलात का? पत्रात कुठे उल्लेख नाही. तुम्ही कुठल्या परिस्थितीत काम करता हे जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि बाहेर काय मिळतं हेही ते बघून बसलेत. तसेच पुरवठादारांकडचे लोक, आधीच्या नोकरीतले सहकारी, वर्षादोनवर्षांतून एकदा बोलणं होतं अशी मंडळी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं, की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासातही कमी घट्ट ओळखीच जास्त उपयोगी पडताना दिसल्या. तेव्हा संकोच बाजूला ठेवा. ‘नोकरी द्या’ असं म्हणायची गरज नाही. ‘मी बदलाचा विचार करतेय, तुमच्याकडे खरेदीत काय चाललंय?’ एवढं विचारलं तरी पुरतं. फक्त ऑफिसचा मेल आणि ऑफिसचा लॅपटॉप यासाठी वापरू नका.

आता पैशांकडे वळते, कारण तुमचे ‘साधारण सहा महिने’ मला नीट मोजलेले वाटत नाहीत. बहुधा तुम्ही शिल्लक भागिले महिन्याचा सगळा घरखर्च असं केलंय. पण पगार तुमचा थांबणार आहे, नवऱ्याचा चालूच राहणार आहे. समजा घरखर्च महिन्याला १०० आणि शिल्लक ६००, तर सहा महिने. पण त्या १०० मधले ६० नवऱ्याच्या पगारातून जात असतील, तर तुम्हाला भरून काढायचेत ४०, आणि तीच शिल्लक १५ महिने पुरेल. लगेच खूश होऊ नका, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च या १०० मध्ये बहुतेक धरलेले नसतात: शाळेची फी, विम्याचे हप्ते, गाडीची मोठी दुरुस्ती, घरातलं एखादं कार्य. आणि नोकरी सुटली की ऑफिसकडून असलेला आरोग्यविमाही बहुतेकदा सुटतो, तो स्वतः घ्यावा लागतो. या सगळ्याचे महिन्याला २० धरा. मग भरून काढायचे झाले ६०, आणि शिल्लक पुरेल १० महिने. त्यातले शेवटचे तीन महिने अडीअडचणीसाठी, हात लावायचा नाही असे. हाती राहिले सात. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील. पण गेल्या तीन-चार महिन्यांची बँकेची स्टेटमेंट पुढे घेऊन एक संध्याकाळ बसलात, तर तुम्हाला मिळालेला आकडा ‘साधारण’ नसेल. एकट्याच्या पगारावर चालणारं घर असेल, किंवा आईवडिलांची औषधं आपल्या पगारातून जात असतील, त्या वाचकांचा आकडा फार लहान येईल, आणि त्यांनी नोकरीत राहूनच शोधावं असं मी बहुतेक वेळा म्हणेन. शिल्लक लपवून स्वतःला घाबरवणं जसं चुकीचं, तसं ती फुगवून स्वतःला धीर देणंही.

हा हिशेब नवऱ्याबरोबर बसून करा. सध्या तुमच्या घरात जो वाद होतोय तो ‘सोडते’ विरुद्ध ‘सोडू नकोस’ असा होतोय, आणि त्याला अंत नाही. त्याला विचारा, ‘किती महिन्यांची तजवीज असली तर तुला रात्री झोप लागेल?’ त्याच्या ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे’ या म्हणण्यात भीती आहे, आणि ती खोटी नाही. कर्जाचा हप्ता त्याच्या नावावर जातोय. पण गाडी चालवताना तुमच्या मनात काय येतं हे त्याला माहीत आहे का? पत्रावरून मला शंका येते, की माहीत नाही. तो अर्धी माहिती घेऊन सल्ला देतोय. पूर्ण माहिती त्याला द्या, मग त्याचं मत ऐका. ते बदलेल असं मला वाटतं.

यानंतर एक तारीख ठरवा. तुमच्या परिस्थितीत मी साधारण चार महिने धरीन. चार महिने नोकरीत राहून मन लावून शोधायचं, दर महिन्याला थोडी जास्त शिल्लक टाकायची, आणि त्या तारखेला दुसरी नोकरी हातात असो वा नसो, राजीनामा द्यायचा. तारीख नवऱ्याला माहीत हवी आणि कागदावर लिहिलेली हवी. हा मधला मार्ग मी उगीच दोघांना खूश करायला सुचवत नाही. तारीख नसली की ‘थोडं थांबू’ याची वर्षं होतात, हे तुमच्या दीड वर्षावरून दिसतंच आहे. तारीख असली, की तिथपर्यंतचं सोसणं मोजता येतं. आणि मोजता येणारं सोसवतं.

तारखेपर्यंत पोचूनही पाय अडखळले तर एक अभ्यास लक्षात ठेवा. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एका संकेतस्थळावर लोकांना नाणेफेकीची सोय करून दिली होती: नोकरी सोडू की नको, नातं ठेवू की नको, अशा पेचात सापडलेल्यांसाठी. २०,००० हून जास्त वेळा नाणं उडवलं गेलं. मोठ्या प्रश्नांत, नाण्याने ‘बदल कर’ असं सुचवलेले लोक सहा महिन्यांनी सरासरीने जास्त समाधानी निघाले. याचा अर्थ नोकरी नाण्यावर सोडावी असा नाही, आणि ते सगळे आधीच काठावर उभे असलेले लोक होते. पण जो खूप दिवस काठावर उभा आहे, तो बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त थांबलेला असतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

चार महिन्यांचा हा सगळा बेत रद्द करून ताबडतोब बाहेर पडावं अशाही काही गोष्टी असतात. अंगचटीला येणं, धमकी, शिवीगाळ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगणं. आणि तुमच्या विभागाच्या संदर्भात मुद्दाम सांगते: खोट्या बिलांवर, न आलेल्या मालाच्या पावतीवर सही करायला सांगणं. तुम्ही लिहिलंय की ‘अलीकडे काही कागदांवर न वाचता सह्या कराव्या लागतात, वेळच नसतो’. हे आजच्या आज थांबवा. कामाचा ढीग पडला तर पडू द्या. साहेब उद्या बदलून जातील, सही तुमची राहील.

नव्या जागेबद्दल थोडं. नोकरी बदलली की पहिले काही महिने सगळं छान वाटतं आणि मग समाधान खाली यायला लागतं, हे वेंडी बॉसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांच्या पाहणीत टिपलं होतं. तेव्हा ‘इथून सुटले की झालं’ एवढ्यावर नवी जागा निवडू नका. मुलाखतीच्या शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का असं म्हणतात, तेव्हा विचारा: ही जागा रिकामी का झाली? या विभागात गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले? कामाच्या वेळेनंतर फोन येतात का, आणि किती वेळा? तुमचे साहेब होणार आहेत ते प्रत्यक्ष भेटणार आहेत का? उत्तरापेक्षा उत्तर द्यायच्या आधीची थांबण्याची लांबी बऱ्याचदा जास्त सांगते. सध्याच्या जागी यातलं एकही विचारायची सोय नव्हती, कारण साहेब तुमच्या नंतर आले. नव्या जागी आहे.

राजीनाम्याचं पत्र दोन ओळींचं लिहा: मी अमुक तारखेपासून राजीनामा देत आहे, नोटीस कालावधी अमुक तारखेला संपेल. दीड वर्षाचा राग त्यात ओतू नका. तो कुणाला तरी सांगायची गरज आहे, पण ते पत्र कायम फायलीत राहतं. त्याआधी नेमणुकीचं पत्र काढून नोटीस किती, बाकी रजेचे पैसे मिळतात का, बोनसची अट काय, हे वाचून ठेवा. कधीकधी पंधरा दिवस थांबल्याने बरीच रक्कम हाती येते. पगाराच्या चिठ्ठ्या आधीच घरी आणा. कंपनीचे दरपत्रक किंवा पुरवठादारांच्या फायली मात्र आणू नका.

आणि मधे खंड पडलाच, तर मुलाखतीत त्याबद्दल विचारतील. लांबलचक सफाई देऊ नका आणि जुन्या साहेबांबद्दल एक शब्दही काढू नका, तो कितीही खरा असला तरी ऐकणारा मनात नोंद करतो. ‘तिघांचं काम दीड वर्ष एकटीने सांभाळलं, त्यानंतर विश्रांतीची गरज होती. ती घेतली, आता कामाला तयार आहे.’ हे सगळं खरं आहे, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, आवाज न अडखळता म्हणता येईपर्यंत. पण त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.